पार्श्वप्रारणातून विश्वाची मापं: मोजलेलं काय आणि काढलेलं काय?

निरभ्र

विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं, हबल स्थिरांक (विश्वाच्या आजच्या प्रसरणाचा दर) ६७.४, एकूण द्रव्याचा वाटा ३१.५ टक्के. प्लांक उपग्रहाच्या २०१८ च्या निकालांतले हे आकडे सगळीकडे एका दमात सांगितले जातात. ऐकणाऱ्याला वाटतं, उपग्रहाने आकाशाकडे पाहिलं आणि वय वाचून घेतलं. या तिन्हीपैकी एकही आकडा थेट मोजलेला नाही. कोणता आकडा आकाशातून येतो, कोणता मॉडेलमधून, आणि कोणता बाहेरून आणावा लागतो हे सुटं करून पाहू, म्हणून हा धागा.

प्लांकने पाहिलं ते वैश्विक पार्श्वप्रारण, म्हणजे विश्व सुमारे तीन लाख ऐंशी हजार वर्षांचं असताना सुटलेला आणि आज सगळ्या दिशांनी येणारा सूक्ष्मतरंग उजेड. त्यात मोजले जातात ते तापमानातले फरक. आकाशाच्या प्रत्येक दिशेचं तापमान सरासरीपेक्षा किती कमी-जास्त, एवढंच. हे फरक लाखात एखाद्या भागाचे, म्हणजे काही दशक ते शंभर-दोनशे मायक्रोकेल्विनचे असतात. हा नकाशा गोलीय हार्मोनिक्समध्ये (गोलावरच्या लहानमोठ्या लहरींमध्ये) उलगडला की प्रत्येक एलसाठी किती चढउतार आहेत ते कळतं. ते सी-एल, आणि सगळ्या एलचा मिळून आलेख म्हणजे स्पेक्ट्रम. एल म्हणजे ढोबळमानाने १८० भागिले अंशांमधला कोन. आलेखात सहसा सी-एल तसाच काढत नाहीत. त्याला एल आणि एल अधिक एक यांच्या गुणाकाराने गुणून दोन पायने भागतात. तो डी-एल. पहिलं शिखर एल २२० ला, उंची साधारण ५७०० मायक्रोकेल्विन वर्ग. दुसरं ५३७ च्या आसपास, तिसरं ८१० च्या आसपास, दोन्ही अडीच हजारांच्या घरात.

या एका वक्ररेषेवर (आणि ध्रुवीकरणाच्या तिच्या जोडीदार रेषांवर) सहा आकडे बसवले जातात: बॅरिऑन (साध्या द्रव्याची) घनता ०.०२२३७, कृष्णद्रव्य घनता ०.१२००, ध्वनिक्षितिजाचा कोन (पार्श्वप्रारण सुटेपर्यंत ध्वनिलहर जेवढं अंतर गेली ते आकाशात केवढं दिसतं), पुनर्आयनीभवनाची (पहिल्या ताऱ्यांनी वायू पुन्हा आयनीभूत केल्याची) अपारदर्शकता टाऊ ०.०५४, सुरुवातीच्या चढउतारांचा आकार आणि त्यांचा उतार ०.९६५. घनतेचे दोन्ही आकडे लहान एच-वर्गासह (लहान एच म्हणजे हबल स्थिरांक भागिले १००) दिलेले असतात हे ध्यानात ठेवा, नाहीतर पुढे सगळी बेरीज चुकते. हबल स्थिरांक आणि वय या सहांत नाहीत. ते नंतर गणिताने निघतात.

---

ध्रुवमत्स्य

चांगला धागा. पण तुमच्या यादीत सातवा आकडा राहिला, आणि तो राहतोच नेहमी: सरासरी तापमान. २.७२५५ केल्विन, अनिश्चितता ०.०००६. तो प्लांकने मोजलेला नाही. प्लांक आणि त्याच्या आधीचा उपग्रह डब्ल्यूमॅप दोघेही फक्त फरक मोजण्यासाठी बांधलेले होते. निरपेक्ष तापमान आलं त्याहून जुन्या कोबे उपग्रहावरच्या फिरास उपकरणाकडून. कोबे १८ नोव्हेंबर १९८९ ला सुटला. फिरासची पद्धत सरळ होती: आकाशाचा वर्णपट घ्यायचा, मग शिंगाच्या तोंडात तापमान माहीत असलेला कृष्णवस्तू-कॅलिब्रेटर सरकवून त्याचा वर्णपट घ्यायचा, आणि दोन्ही जुळवायचे. आकाश आणि आदर्श कृष्णवस्तू यांच्यातला फरक वर्णपटाच्या शिखराच्या दहा लाखांत ५० भागांपेक्षा कमी निघाला.

हे तापमान का लागतं? त्यावरून फोटॉनची घनता कळते, घन सेंटिमीटरला सुमारे ४११. पार्श्वप्रारणाच्या शिखरांवरून बॅरिऑनची घनता थेट मिळत नाही. मिळतं ते बॅरिऑन आणि फोटॉन यांचं गुणोत्तर. फोटॉन किती ते फिरासने सांगितलं, म्हणून बॅरिऑन किती ते प्लांकला सांगता आलं. तापमानातली चूक तिसऱ्या घाताने पुढे जाते, तरी ०.०२ टक्क्याची ०.०६ टक्के होते. बॅरिऑन घनतेची स्वतःची अनिश्चितता ०.७ टक्क्याच्या आसपास आहे, त्यामुळे ही उसनवारी कुणाला टोचत नाही. टोचत नाही म्हणूनच विसरला जातो.

---

मृगशीर्ष

एक अडचण. पहिलं शिखर एल २२० ला, म्हणजे १८० भागिले २२०, सुमारे ०.८२ अंश. पण ध्वनिक्षितिजाचा कोन ०.०१०४११ रेडियन देतात, तो ०.५९६५ अंश होतो. दोन्ही एकच कोन असेल तर जुळत का नाही?

---

निरभ्र

दोन्ही एकच कोन नाहीत. पायला ०.०१०४११ ने भागलं तर ३०१.८ येतं. शिखरं जर अगदी आदर्श जागी असती तर ती ३०२, ६०४, ९०५ अशी आली असती. पण फोटॉन-बॅरिऑन द्रवाची आंदोलनं स्वतःच्या तालावर मोकळी चालत नाहीत. किरणोत्साराचं (फोटॉन आणि न्यूट्रिनो यांच्या ऊर्जेचं) प्राबल्य असताना चढउतार क्षितिजाच्या आत येतात, तेव्हा गुरुत्वविभव (द्रव्याच्या गुरुत्वाने पडलेला खड्डा) ढासळतं आणि आंदोलनाला ऐन वेळी ढकलतं. त्यामुळे आंदोलनाची कला (फेज) सरकते. पहिल्या शिखरासाठी ही सरक साधारण ०.२७: ३०१.८ गुणिले ०.७३, म्हणजे २२०. दुसऱ्यासाठी २ वजा ०.२२, म्हणजे ५३७. तिसऱ्यासाठी ३ वजा ०.३१, म्हणजे ८१२. सरक प्रत्येक शिखराला वेगळी आहे, म्हणून शिखरांमधली अंतरंही सारखी नाहीत. शिखराच्या जागेवरून कोन हातानेच काढायला गेलं तर इथेच फसगत होते. प्रत्यक्षात पूर्ण वक्ररेषा बसवूनच तो कोन निघतो, आणि ०.०३ टक्के अचूकतेने निघतो. विश्वरचनाशास्त्रात याच्याइतकं नेमकं मोजलेलं क्वचितच काही असेल.

हा कोन म्हणजे ध्वनिक्षितिजाची लांबी भागिले तिथपर्यंतचं अंतर. दोन्ही संकलनं स्वतः करून बघण्यासारखी आहेत, तीस ओळींचा पायथन प्रोग्रॅम पुरतो.

अंतर: प्रकाशवेग भागिले एच (त्या त्या काळचा प्रसरणाचा दर), ताम्रसृती (प्रकाश निघाल्यापासून विश्व किती पट ताणलं, वजा एक) ० ते १०९०. उत्तर सुमारे १३,८७० मेगापार्सेक (एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं).

ध्वनिक्षितिज: ध्वनिवेग भागिले एच, ताम्रसृती १०९० ते अनंत. उत्तर १४४.४ मेगापार्सेक. ध्वनिवेग म्हणजे प्रकाशवेग भागिले ३(१ + आर) चं वर्गमूळ. आर म्हणजे बॅरिऑन घनतेच्या तिप्पट भागिले फोटॉन घनतेच्या चौपट. पुनर्संयोगाच्या वेळी (इलेक्ट्रॉन आणि केंद्रकं जुळून पार्श्वप्रारण सुटलं तेव्हा) ०.६२ च्या आसपास. म्हणजे त्या क्षणी ध्वनिवेग प्रकाशवेगाच्या ४५ टक्के.

यातल्या एच मध्ये द्रव्य ०.१४३ आणि किरणोत्सार ०.००००४१८ (न्यूट्रिनो धरून, दोन्ही एच-वर्गासह) घाला; अंतराच्या संकलनात कृष्णऊर्जाही, सुमारे ०.३११.

---

आकडेमोड

वरच्या गणिताला पुरवणी. ध्वनिक्षितिजाचं उत्तर चुकलं तर किती चुकलं यावरून चूक ओळखता येते.

२५५ मेगापार्सेक आलं तर किरणोत्सार घालायचाच राहिला. आजच्या विश्वात तो नगण्य आहे म्हणून लोक सोडून देतात. पण १०९० ताम्रसृतीला तो एकूण ऊर्जेच्या सुमारे चतुर्थांश होता आणि ३४०० च्या पलीकडे तर त्याचंच राज्य.

१६२-१६३ आलं तर दोन शक्यता, आणि दुर्दैवाने दोन्हीचं उत्तर जवळजवळ सारखं येतं. एक, फोटॉन घातले पण न्यूट्रिनो विसरले. दोन, ध्वनिवेगात आर शून्य धरला. कोणती चूक ते पाहायला आर दुप्पट करून बघा. उत्तर हललं नाही तर आर गणितात पोचतच नाहीये.

वरची मर्यादा अनंत असल्यामुळे ताम्रसृतीत समान पावलं टाकून संकलन केलं तर शेपूट कापली जाते. चल बदलून विश्वाच्या आकारगुणकात संकलन करा, ० ते १/१०९१. मग कुठलीही साधी संकलन-पद्धत चालते.

---

शंकेखोर

म्हणजे कोन पक्का, बाकी सगळं मॉडेल. मग विश्व सपाट आहे हे तरी कशावरून? कोन एक, आणि अज्ञात किती तरी.

---

निरभ्र

शंका रास्त आहे. एकटा कोन सपाटपणा सिद्ध करत नाही. बंद विश्वात तीच लांबी मोठ्या कोनात दिसते, शिखर लहान एलकडे सरकतं. उघड्या विश्वात उलट. पण अंतर बदलायला वक्रता हा एकच मार्ग नाही, कृष्णऊर्जा कमी-जास्त करूनही तोच कोन राखता येतो. याला भौमितिक संदिग्धता म्हणतात आणि ती खरीखुरी अडचण आहे. २००० साली बूमरँग आणि मॅक्सिमा या बलून-प्रयोगांनी पहिलं शिखर एल २०० च्या आसपास दाखवलं, तेव्हा ‘सपाट’ असा निष्कर्ष निघाला. त्यातही हबल स्थिरांकाबद्दलची माफक गृहीतं होतीच.

प्लांकचंच पाहा. फक्त तापमान आणि ध्रुवीकरणाचे स्पेक्ट्रम घेऊन वक्रता मोकळी सोडली तर वक्रता-घनता उणे ०.०४४ येते, म्हणजे किंचित बंद विश्व, आणि हबल स्थिरांक ५४ च्या आसपास घसरतो. गुरुत्वीय भिंगाचा (वाटेतल्या द्रव्याने हा उजेड वाकवल्याचा) स्वतंत्र स्पेक्ट्रम जोडला की उणे ०.०११. दीर्घिकांच्या वितरणातलं बॅरिऑन-आंदोलनांचं अंतर (त्याच ध्वनिक्षितिजाचा दीर्घिकांत उरलेला ठसा) जोडलं की ०.०००७, अधिक-उणे ०.००१९. ‘पार्श्वप्रारणाने सपाटपणा सिद्ध केला’ हे वाक्य म्हणून अर्धंच बरोबर आहे. पार्श्वप्रारण आणि जवळचं एखादं अंतरमाप, दोघांनी मिळून.

---

ध्रुवमत्स्य

शिखरांच्या उंचीबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, आणि खरी गंमत तिथे आहे.

विषम क्रमांकाची शिखरं म्हणजे द्रव विभवाच्या खड्ड्यात दाबला गेला तो क्षण, सम क्रमांकाची म्हणजे तो उसळून विरळ झाला तो क्षण. बॅरिऑन द्रवाला जडत्व देतात पण दाब देत नाहीत. ते वाढवले की दाबला जाण्याची बाजू जोरदार होते आणि उसळणं तुलनेने मंद. म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या शिखराच्या उंचीचं गुणोत्तर म्हणजे बॅरिऑन. हलक्या अणुकेंद्रांच्या निर्मितीतून, विशेषतः ड्यूटेरियमच्या प्रमाणातून, स्वतंत्रपणे येणारी घनताही ०.०२२ च्याच आसपास आहे. पहिली काही मिनिटं आणि तीन लाख ऐंशी हजार वर्षांनंतरचा काळ, या दोन्हीकडून एकच आकडा यावा हे माझ्या मते या सगळ्या शास्त्रातलं सर्वांत भक्कम ठिकाण आहे. हबलच्या वादात त्याचं कुणी नावही काढत नाही.

तिसरं शिखर कृष्णद्रव्याचं. निरभ्र यांनी वर सांगितलेलं ढकलणं किरणोत्साराच्या काळातच होतं. द्रव्य जास्त असेल तर द्रव्याचं प्राबल्य लवकर सुरू होतं, ढकलणं कमी पडतं आणि शिखरं खाली येतात. पण कृष्णद्रव्याने धरून ठेवलेले खड्डे टिकतात, त्यामुळे बॅरिऑनचं विषम-सम अंतर उठून दिसतं. दुसरं आणि तिसरं शिखर जवळपास सारख्या उंचीचं आहे. कृष्णद्रव्य नसतं, नुसते बॅरिऑन असते, तर तिसरं दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे खुजं राहिलं असतं. गुरुत्वाकर्षणाचा नियम बदलून कृष्णद्रव्य टाळू पाहणाऱ्यांना या तिसऱ्या शिखराचा हिशेब द्यावा लागतो.

पुढे एल हजारच्या वर फोटॉनच्या विसरणाने चढउतार पुसले जातात, ते सिल्क क्षीणन. तिथे हेलियमचं प्रमाण आणि न्यूट्रिनोंची प्रभावी संख्या यांचा ठसा उमटतो. प्लांकनुसार ही संख्या २.९९, अधिक-उणे ०.१७. तीन कुळं, अपेक्षेप्रमाणे.

---

मृगशीर्ष

आणि टाऊ? तो सहांत सगळ्यात ढिसाळ दिसतो. ०.०५४ ला ०.००७ ची अनिश्चितता, म्हणजे १३ टक्के.

---

आकडेमोड

ढिसाळ आहेच, आणि कारण साधं आहे. पहिले तारे पेटल्यावर वायू पुन्हा आयनीभूत झाला, मोकळ्या इलेक्ट्रॉनांनी काही फोटॉन विखुरले. त्यामुळे एल वीस-तीसच्या पुढचा सगळा स्पेक्ट्रम सरसकट खाली येतो: टाऊ ०.०५४ असेल तर सुमारे १० टक्क्यांनी. पण सुरुवातीचे चढउतारच १० टक्क्यांनी कमी असते तरी हेच दिसलं असतं. तापमानावरून आकार आणि टाऊ यांचा एकत्रित गुणाकार अर्ध्या टक्क्याच्या अचूकतेने मिळतो, आकार सुटा काढायचा तर दीड टक्क्यापर्यंत घसरावं लागतं.

सोडवणूक होते ती ध्रुवीकरणात एल १० च्या खाली दिसणाऱ्या छोट्याशा उंचवट्याने. त्याची शक्ती तिथल्याच तापमान-चढउतारांच्या दहा-हजाराव्या भागाहूनही कमी आहे. शिवाय पूर्ण आकाश लागतं, आणि त्या पट्ट्यात आपल्या आकाशगंगेची धूळ आणि सिंक्रोट्रॉन प्रारण (चुंबकक्षेत्रात फिरणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचं) दोन्ही ध्रुवित. डब्ल्यूमॅपच्या पहिल्या वर्षाच्या निकालात टाऊ ०.१७ होता, नवव्या वर्षी ०.०८९, प्लांकमध्ये अखेर ०.०५४. एवढा प्रवास सहांतल्या दुसऱ्या कुठल्याच आकड्याने केलेला नाही. न्यूट्रिनोंच्या वस्तुमानाची मर्यादाही याच टाऊपाशी अडकते, कारण भिंगपरिणामावरून वस्तुमान काढायला सुरुवातीचा आकार नक्की लागतो.

---

खटपट्या

प्लांकचे नकाशे सगळ्यांसाठी खुले आहेत. साध्या लॅपटॉपवर स्पेक्ट्रम काढून पहिली तीन शिखरं दिसतील का? क्रमवार सांगितलं तर बरं होईल.

---

आकडेमोड

दिसतील. क्रम असा.

प्लांकच्या संग्रहातून स्मिका पद्धतीने (आकाशगंगेचा वगैरे उजेड वजा करून) साफ केलेला नकाशा घ्या, पण पूर्ण मोहिमेचा एक नव्हे. अर्ध्या-अर्ध्या मोहिमेचे दोन वेगळे. सोबत तापमानाचा सामाईक मास्क, म्हणजे आकाशगंगेसारखे न वापरायचे भाग झाकणारा नकाशा. नकाशे हीलपिक्स जाळीत (गोलाचे समान क्षेत्रफळाचे पिक्सेल) असतात, एन-साइड (जाळीची बारकाई) २०४८, म्हणजे पाच कोटी तीन लाख पिक्सेल. आठ बाइटच्या दशांश-संख्येत एकेक नकाशा ४०० मेगाबाइट स्मृती घेतो. मशीन कुरकुरत असेल तर एन-साइड ५१२ वर उतरवा: साडेएकतीस लाख पिक्सेल, प्रत्येक सुमारे ७ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). त्यावर एल हजारपर्यंत विश्वास ठेवा, तीन शिखरं त्यात बसतात. मास्क उतरवताना कडेला ० आणि १ च्या मधल्या किमती येतात, ०.९ च्या खालचं सगळं शून्य करा आणि मग कडा अंश-दोन अंशांत हळूहळू उतरती करा. कडा तीक्ष्ण ठेवली तर एका एलची शक्ती दुसऱ्यात गळते.

मास्कने न झाकलेल्या भागातून सरासरी आणि द्विध्रुव (आकाशाची एक बाजू उष्ण, समोरची थंड असा फरक) वजा करा. मग दोन नकाशांचा परस्पर-स्पेक्ट्रम काढा, स्वतःचा स्वतःशी नको. दोन्ही अर्ध्यांचा गोंगाट वेगवेगळा असतो, परस्पर गुणाकारात तो सरासरीने नाहीसा होतो. एकाच नकाशाचा स्पेक्ट्रम काढला तर गोंगाट बेरजेत राहतो आणि मोठ्या एलला रेष वर उठते.

आता तीन दुरुस्त्या. मास्कने झाकलेल्या आकाशासाठी भागाकार, पण मास्कच्या सरासरीने नव्हे. उतरत्या कडांचा मास्क असेल तर मास्कच्या वर्गाच्या सरासरीने. बीमसाठी (दुर्बिणीने नकाशात आणलेला धूसरपणा): स्मिकाचा बीम ५ कलांचा गॉसियन धरतात. एल २२० ला तो शक्तीचा जेमतेम २ टक्के भाग खातो, एल २००० ला मात्र फक्त २२ टक्के शिल्लक ठेवतो. आणि पिक्सेलच्या आकाराचा परिणाम, त्याचा तक्ता हीलपिक्समध्येच मिळतो. शेवटी डी-एलमध्ये रूपांतर, आणि ३० एलचे गट करून सरासरी.

गट का? कारण प्रत्येक एलसाठी आकाशात फक्त (२एल + १) नमुने आहेत. एल २ ला यामुळे ६३ टक्के अनिश्चितता राहते आणि ती कुठल्याही उपकरणाने कमी होणार नाही. विश्व एकच आहे. एल २२० ला ७८ टक्के आकाश वापरून साडेसात टक्के. तीसचे गट केले की दीड टक्क्याच्या खाली.

---

खटपट्या

शिखरं दिसली, जागाही बरोबर. पण पहिल्याची उंची ४४०० च्या आसपास येते आणि अक्षावरचे आकडे १०च्या उणे ९ व्या घातात. चूक कुठे?

---

आकडेमोड

उणे नववा घात ही चूक नाही, नकाशा केल्विनमध्ये आहे. १०च्या १२ व्या घाताने गुणा. ४४०० म्हणजे ५७०० च्या ७७-७८ टक्के: झाकलेल्या आकाशाचा भागाकार राहिला.

पुढे अडखळणाऱ्यांसाठी आणखी लक्षणं. शिखरंच नाहीत, आलेखभर नुसता गोंगाट: नकाशाचा पिक्सेल-क्रम चुकीचा वाचला गेलाय. प्लांकच्या फाइली ‘नेस्टेड’ क्रमात असतात, स्पेक्ट्रमच्या फंक्शनला ‘रिंग’ क्रम लागतो. हीलपाय (हीलपिक्सची पायथन लायब्ररी) वाचताना आपोआप बदलतो, साध्या फिट्स-वाचकाने उघडलं तर बदलत नाही. नकाशा एकदा पडद्यावर काढून पाहा, गोधडीसारखे चौकोन दिसले की निदान पक्कं. एल दहाच्या खाली प्रचंड शक्ती: द्विध्रुव राहिला, किंवा मास्क लावलाच नाही. शिखरं ठीक पण उजवीकडे रेष लवकर कोसळते: बीमची दुरुस्ती राहिली. ५४५ आणि ८५७ गिगाहर्ट्झचे नकाशे घेतले आणि आकडे भलतेच आले: ते केल्विनमध्ये नसतात, दर स्टेरेडियनला मेगाजान्स्कीत असतात.

आणि एल दीड-दोन हजारांच्या पुढे स्मिकाचा स्पेक्ट्रम सिद्धान्तापेक्षा वर राहतो, ते तुमचं पाप नव्हे. दूरच्या दीर्घिकांचा उरलेला उजेड त्यात असतो. प्लांकच्या गटाने विश्वाची मापं काढताना साफ केलेला नकाशा वापरलाच नाही. १००, १४३ आणि २१७ गिगाहर्ट्झच्या नकाशांचे परस्पर-स्पेक्ट्रम घेतले आणि धूळ, दीर्घिका वगैरेंचा वाटा स्पेक्ट्रमच्या पातळीवर मॉडेल केला.

---

ध्रुवमत्स्य

अवांतर, पण उंची निघालीच आहे म्हणून. नकाशावरचे मायक्रोकेल्विन हे खरे मायक्रोकेल्विन आहेत हे कोण ठरवतं? शोधकातून व्होल्ट येतात. प्लांकने यासाठी पृथ्वीची कक्षा वापरली. उपग्रह सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरतो, त्या वेगाने पार्श्वप्रारणात सुमारे २७० मायक्रोकेल्विनचा द्विध्रुव निर्माण होतो आणि तो वर्षभरात एक फेरी मारतो. कक्षेतला वेग फारच अचूक माहीत असतो, सरासरी तापमान फिरासने दिलेलंच आहे, म्हणून हा द्विध्रुव मिलिमीटरपट्टीचं काम करतो. त्यावर मोठा, सूर्याच्या गतीचा द्विध्रुव मोजला: ३३६२ मायक्रोकेल्विन, म्हणजे सेकंदाला ३७० किलोमीटर. तापमानाच्या मोजपट्टीत ०.१ टक्का चूक झाली तर स्पेक्ट्रममध्ये ०.२ होते, कारण तो वर्ग आहे.

फोरग्राउंडबद्दल (पार्श्वप्रारणाच्या आड येणाऱ्या उजेडाबद्दल) एकच सांगतो. सिंक्रोट्रॉन वारंवारतेबरोबर उतरतं, धूळ चढते, दोघांची मिळून सर्वांत कमी पातळी ७० ते १०० गिगाहर्ट्झच्या आसपास. म्हणून प्लांकने ३० ते ८५७ असे नऊ पट्टे ठेवले; कडेचे पट्टे पार्श्वप्रारणासाठी नाहीतच, घाण ओळखण्यासाठी आहेत. हे न करण्याची किंमत २०१४ मध्ये दिसली. दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीने १५० गिगाहर्ट्झ या एकाच पट्ट्यात बी-प्रकारचं (भोवऱ्यासारखं) ध्रुवीकरण पाहिलं आणि आद्य गुरुत्वलहरींचं प्रमाण ०.२ जाहीर केलं. प्लांकच्या ३५३ गिगाहर्ट्झच्या माहितीशी जोडल्यावर २०१५ मध्ये कळलं की संकेतातला मोठा भाग धुळीचा होता आणि उरलेला गुरुत्वलहरींचा मानावा इतका ठोस नव्हता. २०२१ ची मर्यादा ०.०३६ च्या खाली आहे.

---

शंकेखोर

हबलच्या वादाकडे या. सेफीड तारे आणि सुपरनोव्हा यांनी जवळची अंतरं मोजून हबल स्थिरांक ७३.०४ अधिक-उणे १.०४, प्लांककडून ६७.३६ अधिक-उणे ०.५४. पाच सिग्माचा, म्हणजे अनिश्चिततेच्या पाचपट फरक. ‘काढलेला आकडा’ हरला असं सरळ का म्हणू नये?

---

निरभ्र

काढलेला आकडा चुकू शकतो, पण कुठे चुकू शकतो ते आता ठरवता येतं. कोन मॉडेल बदललं तरी फारसा हलत नाही. सपाट मॉडेलमध्ये तो मुख्यतः द्रव्याचा वाटा गुणिले एच-घन या संयोगाला खिळवतो: ०.०९६. एच वाढवायचा तर द्रव्याचा वाटा घटवावा लागतो, आणि शिखरांच्या उंच्या ते फार होऊ देत नाहीत. राहिला मार्ग ध्वनिक्षितिजाचा. ते सुमारे ७ टक्क्यांनी आखूड झालं, तर तोच कोन राखून ७३ पर्यंत पोचता येतं. आखूड करायचं तर पुनर्संयोगाआधी प्रसरण जलद हवं, म्हणजे त्या काळात कसली तरी जादा ऊर्जा. ‘आद्य कृष्णऊर्जा’ हा त्यातलाच प्रस्ताव. पण ती घातली की क्षीणनाची शेपूट बिघडते, ती सावरायला कृष्णद्रव्य आणि उतार दोन्ही वाढवावे लागतात, मग आजच्या दीर्घिकांची दाटी निरीक्षणांपेक्षा जास्त येते.

उपकरणाची चूक म्हणाल तर अटाकामा दुर्बिणीचा २०२० चा निकाल पाहा. डब्ल्यूमॅपशी जोडून ६७.६ अधिक-उणे १.१, आणि त्यात प्लांकचा एकही फोटॉन नाही. प्लांकमध्ये काही खटकण्याजोगं आहेच: भिंगपरिणामाने शिखरं अपेक्षेपेक्षा जास्त गुळगुळीत दिसतात, गुणक १ ऐवजी १.१८. वक्रता मोकळी सोडल्यावर उणे ०.०४४ येण्यामागेही हाच गुळगुळीतपणा आहे. पण तो धागा ओढला तर हबल स्थिरांक ७३ कडे जात नाही, खाली जातो.

---

खटपट्या

उंची आता ५६५० च्या आसपास, धन्यवाद. यावरून सहा आकडे स्वतः बसवायचे तर स्वतःचा स्पेक्ट्रम चालेल का?

---

आकडेमोड

शिकायला चालेल, पण अनिश्चितता खोट्या येतील, कारण शेजारच्या गटांमधलं सहसंबंधाचं कोष्टक तुमच्याकडे नाही. त्यापेक्षा प्लांकचं ‘लाइट’ लाइकलिहूड (मॉडेल मोजमापाशी किती जुळतं ते सांगणारा तयार प्रोग्रॅम) घ्या. फोरग्राउंडचे वीसेक गुणक त्यात आधीच निकालात काढलेले असतात, उरतात तुमचे सहा आणि मोजपट्टीचा एक. सिद्धान्ताच्या वक्ररेषेसाठी कॅम्ब किंवा क्लास, आकड्यांच्या शक्य किमतींचे नमुने साखळीने (एकामागून एक यादृच्छिक पावलं टाकत) घ्यायला कोबाया.

हबल स्थिरांक मोकळा सोडू नका, त्याऐवजी कोन मोकळा सोडा. हबल आणि द्रव्य एकमेकांना घट्ट बांधलेले आहेत, त्या अरुंद तिरक्या पट्टीत साखळी रेंगाळते. आकार थेट न घेता त्याच्या १०च्या १० व्या घाताने गुणलेल्या किमतीचा नैसर्गिक लॉगरिदम घ्या, ३.०४४ च्या आसपास. एल ३० च्या खालचं ध्रुवीकरण वापरत नसाल तर टाऊवर ०.०५४ अधिक-उणे ०.००७ असं पूर्वानुमान (प्रायर, आधीपासून धरलेली मर्यादा) लावा, नाहीतर टाऊ आणि आकार दोघे हातात हात घालून भरकटतात. न्यूट्रिनोचं वस्तुमान ०.०६ इलेक्ट्रॉनव्होल्ट, एकाच न्यूट्रिनोवर. शून्य ठेवलंत तर हबल थोडा वर येईल आणि प्रकाशित आकड्याशी जुळणार नाही.

क्लासकडून येणारा सी-एल एककरहित असतो, त्याला मायक्रोकेल्विनमधल्या २७,२५,५०० च्या वर्गाने गुणावं लागतं. कॅम्ब मागितलं तर थेट मायक्रोकेल्विन वर्गात डी-एल देतो. दोन्हींतून भिंगपरिणाम धरलेला स्पेक्ट्रमच घ्या. न धरलेला घेतला तर शिखरं जरा जास्त टोकदार दिसतात, साखळी निमूट चालते आणि कुठलीही सूचना न देता चुकीची उत्तरं देते.

चार साखळ्या लावा, सहसंबंधाचं सुरुवातीचं कोष्टक जुन्या निकालातून द्या, गेलमन-रुबिन आर (साखळ्या एकमेकींशी किती जुळल्या याचं माप) वजा एक ०.०१ च्या खाली येईपर्यंत थांबा, पहिला ३० टक्के भाग फेकून द्या. हबलचा आकडा साखळीच्या शेवटी आपोआप, काढलेल्या राशींच्या रकान्यात येतो.